२,१४,७४,८३,६४७ : एका मूळ संख्येची अडीचशे वर्षे

दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. अंकांत लिहिल्यास २,१४,७४,८३,६४७. दहा आकड्यांची ही संख्या प्रथमदर्शनी एखाद्या दूरध्वनी क्रमांकासारखी भासते. अर्थसंकल्पात याहून कितीतरी मोठे आकडे दरवर्षी येतात आणि विस्मृतीत जातात. या संख्येच्या वाट्याला मात्र वेगळेच भाग्य आले. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती मानवाला ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. पुढे ‘निव्वळ कुतूहलाचा विषय’ म्हणून तिची बोळवण झाली. विसाव्या शतकात ती अक्षरशः कोट्यवधी संगणकांच्या पोटात जाऊन बसली आणि १९ जानेवारी २०३८ रोजी जगातील जुन्या पद्धतीची संगणकीय घड्याळे याच संख्येपाशी येऊन अडखळणार आहेत.

तिची ओळख करून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग बुद्धिबळाच्या पटावरून जातो. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरी दुप्पट करीत गेल्यास राजाची कोठारे रिकामी होतात, ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. या पटाची पहिली ३१ घरे भरून थांबले, म्हणजे चौथ्या ओळीतील शेवटचे घर रिकामे ठेवले, तर पटावरील एकूण दाणे बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरतात. बत्तिसाव्या घरात टाकावे लागणारे दाणे याहून केवळ एकाने अधिक असतात. गणिताच्या भाषेत सांगायचे तर ही संख्या म्हणजे २चा ३१वा घात, वजा एक. शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिल्या जाणाऱ्या द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने एकतीस एके येतात. मध्ये एकही शून्य नाही. दशमान पद्धतीत ओबडधोबड वाटणाऱ्या या संख्येचे खरे रूप असे रेखीव आहे.

ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणीही निःशेष भागू शकत नाही. तिचे शेजारी पाहिले की हे एकाकीपण अधिकच डोळ्यांत भरते. तिच्याहून एकाने मोठी असलेली संख्या म्हणजे नुसता दोनांचा गुणाकार, एकतीस वेळा केलेला. एकाने लहान असलेल्या २,१४,७४,८३,६४६ चे तर २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ असे बारीक तुकडे पडतात. एवढ्या ठिसूळ शेजाऱ्यांच्या मधोमध ही एक अभंग संख्या उभी आहे.

मर्सेन यांची यादी

दोनच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्यांना ‘मर्सेन संख्या’ म्हणतात. मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार चाले. अशा संख्यांचे आकर्षण मात्र त्यांच्याही फार पूर्वीचे आहे. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती ‘परिपूर्ण संख्या’. उदाहरणार्थ ६ (१, २ आणि ३ यांची बेरीज) किंवा २८. दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या हमखास बनवता येते, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले होते. त्यामुळे परिपूर्ण संख्यांचा शोध म्हणजेच या विशिष्ट मूळ संख्यांचा शोध होऊन बसला.

घात संयुक्त असेल, उदाहरणार्थ १५ किंवा ६३, तर दोनच्या त्या घातातून एक वजा करून कधीच मूळ संख्या मिळत नाही. घात मूळ असेल तर मिळण्याची शक्यता असते, खात्री नसते. दोनचा ११वा घात वजा एक म्हणजे २०४७. ती २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघते. या फसव्या वाटेवर भलेभले घसरले. बोलोन्याचे गणितज्ञ पिएत्रो कातालदी यांनी १७ आणि १९ या घातांच्या संख्या मूळ असल्याचे योग्य रीतीने दाखवले. परंतु १६०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातही त्याच पंक्तीत बसवले. त्यांतील २३ आणि ३७ यांचा दावा फर्मा यांनी १६४० मध्ये मोडीत काढला. पहिल्या संख्येला ४७ने भाग जातो, दुसरीला २२३ने. एकोणतिसाव्या घाताचा २३३ हा विभाजक ऑयलर यांनी दाखवला. चार दाव्यांपैकी तीन कोसळले होते. उरला होता ३१.

स्वतः मर्सेन यांनी १६४४ मध्ये आपली यादी दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. तिच्यातही ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ सुटून गेले. तरीही या संख्यांना नाव त्यांचेच चिकटले. गणितात बरोबर उत्तराइतकाच धाडसी अंदाजही कधीकधी कामी येतो, तो असा.

अंधुक डोळ्यांची सिद्धता

एकतिसाव्या घाताचा निकाल लावला तो लिओनार्ड ऑयलर यांनी. १७६६ मध्ये ते बर्लिन सोडून पुन्हा सेंट पीटर्सबर्गला आले होते. उजव्या डोळ्याची दृष्टी तीस वर्षांपूर्वीच गेलेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पुढे शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी टिकली नाही. १७७१ मधील आगीत त्यांचे घरही जळाले. अशा काळात, बर्नुली यांना लिहिलेल्या एका पत्रातून, २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या असल्याचा निष्कर्ष त्यांनी कळवला. बर्लिनच्या अकादमीच्या १७७२च्या प्रकाशनातून तो जगापुढे आला.

ही सिद्धता सामान्य वाचकालाही समजावी इतकी देखणी आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायचे तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते. येथे वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा किंचित कमी आहे. तिथवर मूळ संख्या साडेचार हजारांहून अधिक. म्हणजे दहा आकडी संख्येचे साडेचार हजार भागाकार, तेही हाताने. ऑयलर यांनी दोन चाळण्या लावल्या. या संख्येला एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, ही पहिली चाळणी. तिचे मूळ फर्मा यांच्या विचारात आहे. त्याच विभाजकाला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरली पाहिजे, ही दुसरी. दोन्ही एकत्र केल्या की नियम असा होतो : विभाजकाला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ आलीच पाहिजे.

या एका वाक्याने काम किती हलके झाले, ते पाहण्यासारखे आहे. वर्गमूळाच्या आत या दोन साच्यांत बसणाऱ्या संख्या उरतात अवघ्या ३७३. त्यांतल्या बहुसंख्य स्वतःच मूळ नसल्याने आपोआप बाद होतात. ६३ बाद, २४९ बाद (तीनदा त्र्याऐंशी), मग ३११ ही पहिली खरी उमेदवार. तिच्यानंतर ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ अशा एकामागून एक सर्व संयुक्त निघतात आणि पुढची उमेदवार थेट १३०३. अखेरीस प्रत्यक्ष भागून पाहण्याजोग्या संख्या शंभराच्या आतच राहतात. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली आणि तिच्यासोबत २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस आकडी आठवी परिपूर्ण संख्याही हाती आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा विक्रम कोणी मोडू शकले नाही. मोडावा असे फारसे कोणाला वाटतही नसावे. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संख्याशास्त्रावरील पुस्तकात ऑयलर यांच्या परिपूर्ण संख्येविषयी एक भाकीत करून टाकले. याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण असल्या संख्या केवळ कुतूहलापुरत्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही आणि म्हणून त्यांच्यासाठी कोणी कष्ट घेण्याचा संभवही नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. भाकिताचा पहिला भाग एडुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये खोटा ठरवला. १२७ हा घात मूळ संख्या देतो हे त्यांनी नव्या पद्धतीने दाखवले. इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने १८८३ मध्ये मर्सेन यांच्या यादीतून निसटलेला ६१ शोधून काढला. २०२४ मध्ये सापडलेल्या अशा बावन्नाव्या मूळ संख्येत तर चार कोटी दहा लाखांहून अधिक आकडे आहेत. बार्लो यांच्या मताचा दुसरा भाग, म्हणजे ‘उपयोग नाही’ हा शेरा, खोटा ठरायला संगणक यावा लागला.

बत्तिसावी जागा

संगणक प्रत्येक संख्या शून्य आणि एक यांच्या ठरावीक घरांत साठवतो. या घराला ‘बिट’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ३२ बिटांचा गट हे अनेक यंत्रांचे स्वाभाविक माप झाले. त्यातील एक बिट संख्या धन की ऋण हे सांगण्यासाठी राखून ठेवला की मोजण्यासाठी उरतात ३१. एकतीस घरांत एकतीस एके भरले की झाली सर्वांत मोठी संख्या : २,१४,७४,८३,६४७. ती मूळ आहे हा यंत्र बनवणाऱ्यांचा हेतू नव्हता, तो योगायोग.

या योगायोगाचा लाभ मात्र चतुराईने घेतला गेला. संगणकाला यादृच्छिक भासणारे आकडे हवे असतात : हवामानाच्या प्रतिकृतीत, खेळांत, सांख्यिकीत. अमेरिकी गणितज्ञ डी. एच. लेमर यांनी सुचवलेली एक जुनी रीत अशी की, हातातील आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणायचे, गुणाकाराला दुसऱ्या ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी हाच पुढचा आकडा मानायचा. गुणक १६,८०७ (म्हणजे ७चा पाचवा घात) आणि भाजक २,१४,७४,८३,६४७ घेतला तर १ पासून सुरुवात करून पुढचे आकडे येतात १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक नेमका निवडल्यामुळे ही मालिका १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतच्या प्रत्येक आकड्याला एकदाच भेट देते आणि मगच पहिल्यावर परतते. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये या रीतीची ‘किमान प्रमाण’ म्हणून शिफारस केली. सी प्लस प्लस या संगणकीय भाषेच्या २०११च्या प्रमाणातही तिला स्थान मिळाले. गुप्तलेखनासाठी ती अगदीच तोकडी आहे, हेही सांगितले पाहिजे. तीन-चार आकडे हाती आले की पुढचा आकडा कोणीही काढू शकतो.

लाभाची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू मर्यादेची. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा मीटर सर्व नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येत असे. संगणकाचा हा मीटर शून्यावर येत नाही. २,१४,७४,८३,६४७ मध्ये एक मिळवला की हातचा सरकत सरकत थेट चिन्हाच्या घरात जातो आणि उत्तर येते उणे २,१४,७४,८३,६४८. कमाल धन संख्येवरून एका पावलात किमान ऋण संख्येवर.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या निमित्ताने ही मर्यादा सर्वसामान्यांच्या कानावर आली. हे गाणे इतक्या वेळा पाहिले गेले की यूट्यूबने आपला गणक या संख्येपलीकडे मोजणाऱ्या नव्या पद्धतीवर नेल्याचे जाहीर केले. ती गंमत होती. २०१५ मधील प्रकार गंमतीचा नव्हता. बोइंग ७८७ विमानांच्या वीजजनित्रांचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर त्यांच्या प्रणालीतील एक गणक ओसंडतो आणि सर्व नियंत्रक एकाच वेळी सुरू केलेले असतील तर विमानाचा वीजपुरवठा बंद पडू शकतो, असे आढळल्याने अमेरिकेच्या हवाई नियामकाने ठरावीक काळाने ते बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. सेकंदाचा शंभरावा भाग हे माप धरून ३१ बिटांचा गणक किती दिवसांत भरतो, याचे गणित मांडले तर उत्तर येते साधारण साडे-दोनशे अठ्ठेचाळीस दिवस. (ऑयलर यांच्या चाळणीतही २४८ हाच आकडा होता. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, तरी गणिताच्या शौकिनांना हा योग आवडावा.)

सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे

सर्वांत मोठा प्रश्न काळाचा आहे. युनिक्स आणि तिच्या पठडीतील संगणक प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०च्या आरंभापासून किती सेकंद लोटले, या एकाच आकड्याने. हा आकडा साठवण्यासाठी मूळ रचनेत ३२ बिट ठेवले गेले. ते भरण्यास ६८ वर्षे आणि काही दिवस लागतात. भारतीय वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की आकडा २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला, ज्या यंत्रांत दुरुस्ती झालेली नसेल त्यांच्या लेखी तारीख असेल १३ डिसेंबर १९०१, ग्रीनिचची रात्रीची पावणेनऊची वेळ. त्या तारखेला भारतीय प्रमाणवेळ अस्तित्वातही नव्हती. ती लागू झाली १९०६ मध्ये.

संकट त्या सकाळीच उगवेल, असे समजणे चूक ठरेल. भविष्यातील तारखेचा हिशोब करणाऱ्या प्रणालीला ते आधीच भेटते. मे २००६ मध्ये एओएल कंपनीच्या सर्व्हर प्रणालीत याचा अनुभव आला. काही कामांची मुदत ‘कधीच संपू नये’ या हेतूने शंभर कोटी सेकंद ठेवलेली होती. त्या महिन्यात एक दिवस असा उगवला की त्या क्षणात शंभर कोटी सेकंद मिळवले की बेरीज २०३८च्या सीमेपलीकडे जाऊ लागली, आणि प्रणाली कोलमडल्या. शहरी वाचकाला समजेल असे उदाहरण गृहकर्जाचे. वीस वर्षांच्या मुदतीचे जे कर्ज जानेवारी २०१८ नंतर घेतले गेले, त्याचा शेवटचा हप्ता या सीमेच्या पुढे पडतो. विम्याची मुदत, निवृत्तिवेतनाचा आरंभ, भाडेपट्टा यांचेही तेच. तारखा साठवण्याच्या अन्य पद्धती उपलब्ध आहेत आणि वापरात आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या माहितीकोशात ‘टाइमस्टॅम्प’ या प्रकाराची मर्यादा १९ जानेवारी २०३८ हीच आहे, आणि तो प्रकार कोणत्या रकान्यासाठी वापरला गेला हे ज्याचे त्याने तपासायचे असते.

२००० सालच्या ‘वायटूके’ प्रकरणाशी याची तुलना होते. तेव्हा वर्षाचे दोनच अंक साठवण्याची काटकसर अंगाशी आली होती आणि ती निस्तरण्याच्या कामाने भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाला मोठा हात दिला होता. या वेळची दुरुस्ती तत्त्वतः सोपी आहे : ३२ऐवजी ६४ बिट. हातातले आधुनिक मोबाइल आणि नवे संगणक बहुतांशी तसे झालेलेही आहेत. लिनक्सच्या गाभ्याची मार्च २०२० मधील ५.६ ही आवृत्ती जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांनाही २०३८ पलीकडे नेण्यास सज्ज झाली. अडचण आहे ती भिंतीत, खांबावर, यंत्राच्या पोटात बसवून विसरल्या गेलेल्या छोट्या संगणकांची. कारखान्यातील नियंत्रक, मोजमापाची उपकरणे, जुने राउटर यांना पडदा नसतो, अद्ययावत करणारा कोणी नसतो आणि त्यांचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते. त्यांतील किती उपकरणांत जुने घड्याळ आहे, याची नोंद एका ठिकाणी कोठेच नाही.

चौसष्ट बिटांच्या पद्धतीत नवी कमाल मर्यादा आहे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७, म्हणजे २चा ६३वा घात वजा एक. सेकंदांच्या हिशेबाने तिथे पोहोचण्यास सुमारे २९,२०० कोटी वर्षे लागतील. घात ६३ हा संयुक्त असल्याने ही संख्या मात्र मूळ नाही. तिला ७ने भाग जातो, तोही दोनदा. यंत्रांचे माप पुन्हा दुप्पट होऊन १२८ बिटांवर गेले, तर सर्वांत मोठी धन संख्या पुन्हा मूळ असेल. एकोणचाळीस आकड्यांची ती संख्या मूळ असल्याची सिद्धता ल्यूका यांनी १८७६ मध्येच देऊन ठेवली आहे.